दर रविवारची आंघोळ कुत्र्याला नको

बेळगावच्या गल्ल्यांमधून रविवारी सकाळी चक्कर मारली, तर दोन-चार घरांसमोर तरी कुत्र्याची आंघोळ चाललेली दिसतेच. घरातील माणसांना सुट्टी असते, बंब तापलेला असतो, आणि मुलांनाही त्या कामाची हौस असते. त्यामागे असलेली माया मला पुरेपूर कळते. तरीही ज्या कुत्र्याला त्वचेचा कोणताही विकार नाही आणि जो घाणीत लोळून आलेला नाही, त्याला दर आठवड्याला साबण लावणे हे त्याच्या हिताचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात राहणाऱ्या निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा किंवा फार तर दीड महिन्यातून एकदा आंघोळ पुरते, आणि आखूड केसांच्या कुत्र्याला दोन-तीन महिन्यांनी घातली तरी काही बिघडत नाही. मात्र यात ऋतू, केसांची ठेवण आणि तुमचे गाव नेमके कुठे आहे, या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

आपण रोज आंघोळ करतो, कारण आपल्या सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याच्या बाबतीत हे कारणच लागू पडत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी प्रामुख्याने पायांच्या तळव्यांत असतात, आणि शरीरातील उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून कमी करतो. त्याच्या अंगावर जो किंचित तेलकटपणा हाताला लागतो तो मळ नव्हे. केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींतून पाझरणारे ते तेल त्वचेला मऊ ठेवते आणि बाहेरच्या पाण्यापासून वाचवते. शिवाय त्याची त्वचा आपल्यापेक्षा बरीच नाजूक आहे. माणसाच्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात साधारण १० ते १५ पेशींच्या रांगा असतात, तर कुत्र्याच्या त्वचेत त्या ३ ते ५ इतक्याच असतात. आपली त्वचा आम्लधर्मी, म्हणजे ५.५ सामूच्या (आम्लता मोजण्याच्या pH या मापाच्या) आसपास असते. कुत्र्याची मात्र उदासीनतेच्या, म्हणजे ७ सामूच्या जवळ असते. त्यामुळे आपल्यासाठी बनवलेला शाम्पू त्याला मानवतोच असे नाही, आणि अंगाच्या साबणाची वडी, जिचा सामू ९ ते १० पर्यंत जातो, ती तर त्याच्यासाठी फारच तीव्र ठरते.

साबणाने हे तेल वारंवार धुऊन निघाले, की त्वचा कोरडी पडते, तिला खाज सुटते आणि कोंड्यासारखे पापुद्रे निघू लागतात. कुत्रा खाजवताना दिसला, की घरातले म्हणतात, ‘अंग मळलंय, आंघोळ घाला.’ आंघोळ घातली, की त्वचा आणखी कोरडी होते आणि खाज आणखी वाढते. हे चक्र कित्येक घरांत महिनोन्महिने चालू राहते, आणि त्यात मुक्या जनावराचे हाल होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. अशा वेळी पहिली गोष्ट करायची, ती म्हणजे साबण थांबवायचा.

केसांची ठेवण पाहिल्याशिवाय किती दिवसांनी आंघोळ घालायची हे ठरवता येत नाही. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा शिकारी कुत्रा हे आखूड केसांचे उत्तम उदाहरण आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीला आश्रय दिला, २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिचे तिकीट काढले, आणि मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे तिच्यासाठी संशोधन केंद्रही आहे. आपल्या हवेत घडलेला हा कुत्रा अंगाने सडपातळ, केस अगदी गुळगुळीत आणि त्वचेलगत बसलेले, त्यामुळे त्याच्या अंगावर माती टिकतच नाही. ओल्या फडक्याने पुसून घेतले, की तो पुन्हा लख्ख दिसतो. आपल्या गावठी कुत्र्यांचेही बहुतांशी तसेच आहे. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि पॉमेरेनियन यांच्या अंगावर मात्र केसांचे दोन थर असतात. वरचे राठ केस कौलारू छपरासारखे पाणी खाली ओघळून लावतात आणि आतली मऊ लव त्वचेला ऊब देते. ही लव एकदा आतपर्यंत भिजली, की वाळायला फार वेळ लागतो. म्हणून अशा कुत्र्याला आंघोळीपेक्षा विंचरण्याची गरज कितीतरी जास्त असते. लांब केस असतील तर रोज, नाही तर आठवड्यातून दोन-तीन वेळा. विंचरल्याने गळालेले केस आणि धूळ निघते, अंगचे तेल सर्वत्र सारखे पसरते, आणि एखादी गोचीड, गाठ किंवा जखम वेळेवर हाताला लागते.

‘पण वास येतो त्याचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो. वास कोठून येतो, हे आधी शोधले पाहिजे. पुष्कळदा तो अंगाचा नसतोच. कान आतून लाल होऊन त्यात तपकिरी मळ साचला असेल, दातांवर कीटण चढले असेल, किंवा गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी भरून आल्या असतील, तर कितीही शाम्पू वापरला तरी वास दोन दिवसांत परत येतो. कुत्रा मागचा भाग जमिनीवर घासत चालत असेल, तर त्या ग्रंथींची शंका घ्यावी आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. भिजल्यावर येणारा विशिष्ट वास मात्र केसांवरील सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या द्रव्यांचा असतो. पाण्याच्या वाफेबरोबर तो हवेत पसरतो आणि अंग पूर्ण वाळले की बहुतेक नाहीसा होतो. त्यासाठी साबणाची गरज नसते, गरज असते ती टॉवेलची.

आणि इथेच आपल्या भागाचा पावसाळा आडवा येतो. एकाच जिल्ह्यात किती फरक आहे पाहा. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत सूर्यदर्शन दुर्मीळ होते, बेळगाव शहरात संततधार आणि गार वारा असतो, तर अथणी-कागवाडकडे त्याच दिवसांत कोरडे ऊन पडलेले असते. अथणीच्या शेतकऱ्याने कुत्र्याला दुपारी धुऊन अंगणात सोडले तर तासाभरात ते वाळते. जांबोटीच्या माणसाने तेच केले तर कुत्रे रात्रीपर्यंत ओलसर राहते. मग काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या मागे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) व जिवाणू वाढतात, त्वचा लाल होते, आणि कधी कधी एका रात्रीत तळहाताएवढा ओला चट्टा पडतो. म्हणून मी घाटमाथ्यावरच्या लोकांना सांगेन, की पावसाळ्याचे चार महिने पूर्ण आंघोळ शक्य तितकी टाळा. बाहेरून आल्यावर पाय आणि पोट साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या मधली जागा नीट पुसा, आणि अंग जुन्या सुती पंचाने किंवा लुगड्याच्या तुकड्याने कोरडे करा. अशी मऊ झालेली वस्त्रे पाणी फार चांगले टिपतात. चिक्कोडी-अथणीच्या काळ्या मातीचा चिखल अंगाला लागला असेल, तर तो ओला असताना चोळू नये. वाळू द्यावा आणि मग ब्रशने झाडावा, बराचसा आपोआप निघतो.

कर्नाटकी बेंदराला बैलांना धुवायला नदीवर किंवा ओढ्यावर नेतात, तेव्हा घरचे कुत्रेही बरोबर पाण्यात उतरवले जाते. ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास पहिल्या पावसाचे गढूळ पाणी वाहत असते, आणि उंदरांच्या व जनावरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच पाण्यात असू शकतात. ते ओरखड्यांतून किंवा डोळे, नाक व तोंड यांच्या ओल्या अस्तरातून शरीरात शिरतात आणि मूत्रपिंड व यकृत बिघडवतात. हा आजार कुत्र्याकडून माणसालाही होतो. त्यामुळे कुत्र्याला दरवर्षी त्याची लस द्यावी, आणि पावसाळ्यात त्याला साचलेल्या किंवा गढूळ पाण्यात सोडू नये.

आंघोळीमागचे खरे कारण अनेकदा गोचीड हे असते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. गोचीड आपले तोंड त्वचेत रोवून बसते. साध्या शाम्पूने किंवा कडुनिंबाच्या पाण्याने ती सुटत नाही. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गळून पडते आणि भिंतींच्या फटींत, गोठ्याच्या कोपऱ्यात, पोत्यांखाली हजारो अंडी घालते, म्हणजे कुत्रा धुतला तरी घरातली वसाहत तशीच राहते. याच गोचिडींमुळे कुत्र्यांना एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात. ताप, खाणे सोडणे, फिकट पडलेल्या हिरड्या किंवा नाकातून रक्त अशी लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. निपाणीकडे जनावरांच्या अंगावरील उवा-गोचिडींसाठी तंबाखूचे पाणी वापरण्याचा जुना उपाय सांगितला जातो. कृपा करून तो कुत्र्यावर करू नका. निकोटीन कातडीतून शोषले जाते, शिवाय कुत्रा अंग चाटतो, आणि त्यातून जिवावर बेतू शकते. फिनेल, रॉकेल आणि म्हशी-बैलांसाठी आणलेले गोचिडींचे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून लावणे हेही तितकेच घातक आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने मानेवर सोडायचे थेंब किंवा पोटातून द्यायच्या गोळ्या मिळतात. थेंब वापरत असाल, तर ते टाकण्याच्या आधी आणि नंतर साधारण दोन दिवस आंघोळ घालू नये, कारण त्वचेवरील तेलातूनच ते औषध अंगभर पसरते. गोळीला हे बंधन नसते. इथेही पुन्हा तेच दिसते, की वारंवार धुणे उपायाच्या आड येते.

आंघोळ घालायचीच असेल तेव्हा ती नीट घालावी. आधी केस विंचरून गुंते सोडवावेत, कारण ओला गुंता अधिकच घट्ट होतो. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, तरी बंबातले आपल्याला आवडते तितके कढत पाणी त्याला सोसत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल इतपतच ते असावे. कानांत पाणी जाऊ देऊ नये. कापसाचा बोळा हलकेच ठेवावा आणि नंतर आठवणीने काढावा. तोंडावर पाणी ओतण्याऐवजी ओले फडके फिरवावे. कुत्र्यांसाठीचा शाम्पू पाण्यात पातळ करून मानेपासून मागे लावत जावे. शाम्पू लावायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ तो धुऊन काढायला द्यावा. आंघोळीनंतर येणारी खाज पुष्कळदा पोटाखाली आणि काखेत राहून गेलेल्या शाम्पूचीच असते. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या भागात हे जमणार नसेल, तर अर्धवट धुण्यापेक्षा नुसते पुसून घेणे केव्हाही चांगले. बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीत सकाळी कधीही घालू नये. दुपारी बारा ते दोन ही वेळ योग्य.

दोन महिन्यांच्या आतील पिल्लाला, आजारी आणि फार म्हाताऱ्या कुत्र्याला कोमट ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे. होळी-रंगपंचमीला अंगावर रंग पडला, तर मात्र वेळापत्रक बाजूला ठेवावे. कोरडा रंग आधी ब्रशने झाडावा आणि मग लगेच धुवावे, नाही तर चाटण्यातून तो पोटात जातो. शेण, तेल, किंवा मेलेल्या प्राण्याचे अवशेष अंगाला लागले असतील तेव्हाही हाच नियम.

त्वचेचा विकार असलेल्या कुत्र्याचे गणित अगदी वेगळे आहे. यीस्टचा किंवा जिवाणूंचा संसर्ग असेल, तर डॉक्टर औषधी शाम्पू देतात आणि तो आठवड्यातून दोनदा लावायलाही सांगतात. त्या वेळी महिन्याचा हिशेब धरून बसू नये. असा शाम्पू अंगावर सुमारे १० मिनिटे राहिला तरच काम करतो. लावला आणि लगेच धुतला तर पैसे आणि औषध दोन्ही वाया जातात. ही १० मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, तोवर कुत्र्याला चाटू देऊ नये, आणि किती आठवडे चालू ठेवायचे हे दुकानदाराला न विचारता तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.