मान्ना रोजचाच होता

रविवार, रात्री

सकाळी उपासनेहून आल्यापासून बायबलातल्या गणना पुस्तकाचा 11 वा अध्याय मनात घोळतोय. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटून रानातून चाललेल्या इस्राएल लोकांसाठी रात्री दवासोबत मान्ना, देवानं दिलेलं अन्न, पडायचा. लोक तो गोळा करायचे, जात्यात दळायचे नाहीतर उखळात कांडायचे, शिजवायचे, भाकरी करायचे. रानात, जिथं काही उगवत नाही तिथं, रोजचं जेवण वरून येत होतं! आणि हे लोक मिसरातली मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडत बसले. डोळ्यांपुढं मान्न्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही, ही त्यांची तक्रार. मला ही माणसं फार जवळची वाटतात. चमत्कारसुद्धा रोज झाला की त्याचा शिधा होतो.

आमच्या घरात पणजोबांपासून ख्रिस्ती विश्वास आहे. कवी नारायण वामन टिळकांना मात्र शुभवर्तमान, येशूची सुवार्ता, मोठेपणी भेटलं. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच खिळले; पुढं 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेच प्रवचन मी परकर-पोलक्याच्या वयात पाठ केलं, बक्षीसही मिळवलं. पाठ असलेल्या वचनाची एक अडचण असते. वाचणारा अर्ध्यावर असतो, तोवर आपण शेवटाला पोचून मोकळे झालेले असतो. तसं पोचायचं नाही, वाचणाऱ्याच्याच पावलानं चालायचं, एवढंच मी हल्ली करते. नवल वाटावं म्हणून मोठ्या सभा, मोठं संगीत शोधायला मला जावंसं वाटत नाही. ते मजकुरातच आहे, आणि बऱ्याचदा अगदी कडेच्या वाक्यात.

मार्कानं लिहिलेल्या शुभवर्तमानातला, याईर नावाच्या माणसाच्या मेलेल्या मुलीचा प्रसंग घ्या. बारा वर्षांची पोर. येशू तिचा हात धरतो, 'तलीथा कूम', म्हणजे 'मुली, ऊठ', म्हणतो, ती उठते, चालू लागते. सगळे थक्क. आम्ही प्रवचनातही इथंच थांबतो. पण येशू अजून थांबलेला नाही. तो म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. परवा घरच्या प्रार्थनेत हे वाचल्यावर आई चटकन म्हणाली, "बरोबरच आहे. आजारात पोरीच्या पोटात काय गेलं असेल? त्या गडबडीत कुणाला सुचणार?" मी पुस्तक मिटून तिच्याकडे बघत राहिले. मरणाला परतवून लावणाऱ्याला त्याच दमात पोरीची भूक आठवते. माझा देव असा आहे, हे इतक्या वर्षांनी अंगावर शहारा आणून गेलं.

मग शोधत गेले तर हे पुनःपुन्हा सापडतं. लूकच्या 24 व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू शिष्यांपुढं उभा आहे, आनंदानं त्यांना खरं वाटेना, आणि तो विचारतो, इथं खायला काही आहे का? ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यादेखत खातो. योहानाच्या 21 व्यात तर तोच तिबिर्या समुद्राच्या काठी कोळशाचा विस्तव पेटवून बसलाय, वर मासळी, शेजारी भाकर. जाळ्यात मोठे मासे 153. मरणातून उठलेला प्रभू समोर असताना कुणीतरी ते मोजले, हे मला फार आवडतं. कोळी माणसं, दुसरं काय करणार!

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणून प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा विधी, होतं. तळहातावर भाकरीचा नखाएवढा तुकडा. त्याची एक कड करपलेली होती; म्हणजे कुणाच्या तरी तव्यावर ती भाकर जराशी जास्त राहिली होती. 'हे माझे शरीर' हे त्या जेवणातले येशूचे शब्द त्या करपलेल्या कडेसकट त्या तुकड्याला लागू होते. मला ते गिळवेना चटकन. पाळकसाहेब पुढच्या रांगेकडे गेले तरी मी तशीच उभी.

असं दर महिन्याला होईलच असं नाही, आणि झालं नाही म्हणून विश्वास कमी झाला असंही मी मानत नाही. मान्ना चवीनं खाल्ला काय, कुरकुरत खाल्ला काय, दुसऱ्या दिवशी पडतच होता.

उद्यापासून आईबरोबर योहान 21, सकाळी, स्वयंपाकाला लागण्याआधी, मोठ्यानं. आठवडाभर पहिली 14 वचनंच. येशूला धरलं त्या रात्री कोळशाच्याच विस्तवापाशी त्याचा शिष्य पेत्र यानं 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणून त्याला नाकारलं होतं. माझ्यावर प्रीती करतोस का, हा प्रभूनं पेत्राला तीनदा विचारलेला प्रश्न 15 व्या वचनापासून येतो. प्रभूनं आधी त्याला न्याहारी दिली. आम्हीही तो प्रश्न पुढच्या आठवड्यात घेऊ.