डुप्लिकेट सिम मिळालं, कोड मात्र येईना: हरवलेल्या फोननंतर व्हॉट्सॲप परत घेताना

नवीन सिम घातलं की एसएमएस येईल आणि पाच मिनिटांत व्हॉट्सॲप सुरू होईल, असा माझा हिशेब होता. सिम दुपारीच चालू झालं, फोन लागायला लागले, पण सहा आकडी कोड काही येईना. कारण साधं आहे, पण काउंटरवरचा मुलगा ते आपणहून सांगेलच असं नाही. भारतात सिम बदललं की त्या क्रमांकाची एसएमएस सेवा, येणारी आणि जाणारी दोन्ही, २४ तास बंद ठेवतात. दुसऱ्याच कुणी आपल्या नावावर सिम काढून बँकेचे ओटीपी पळवू नयेत, यासाठी हा नियम आहे. नियम चांगलाच आहे, पण तो माहीत नसला की माणूस 'पुन्हा कोड पाठवा' दाबत बसतो. प्रत्येक वेळी दाबलं की पुढच्या प्रयत्नासाठीची वाट लांबत जाते, आणि शेवटी ॲपच सांगतं की आता काही तास थांबा.

सुटका त्याच पडद्यावर असते. एसएमएस बंद असला तरी कॉल चालू असतात. एकदा एसएमएस मागवायचा, तो येणार नाहीच, पडद्यावरचं उलटं घड्याळ संपू द्यायचं आणि मग 'मला कॉल करा' निवडायचं. काही फोनांवर हा पर्याय 'दुसऱ्या पद्धतीने पडताळणी' यामागे दडलेला असतो. कॉल आला की यंत्राचा आवाज सहा आकडे वाचून दाखवतो. कागद-पेन हाताशी ठेवा, कारण आवाज भराभर बोलतो. अँड्रॉइडवर मिस्ड कॉलने पडताळणीचाही पर्याय दिसू शकतो, पण त्यासाठी सिम त्याच फोनमध्ये हवं आणि कॉल लॉगची परवानगी द्यावी लागते. कधी कधी ॲप आधी 'जुन्या फोनवर मंजुरी द्या' असं म्हणतं. जुना फोन हातात नसताना ते शक्य नाही, म्हणून तिथेही दुसरी पद्धतच निवडायची.

कॉल येतच नसेल तर कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे येणारा कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवण्याची सोय, तपासा. फॉरवर्डिंगची नोंद सिममध्ये नसते, कंपनीच्या नेटवर्कवर असते, त्यामुळे सिम बदललं तरी ती तशीच राहते. हरवलेला फोन कुणाला लॉक नसलेला सापडला असेल आणि त्याने त्यावरून फॉरवर्डिंग लावून ठेवलं असेल, तर तुमचा कोड तिसऱ्याच माणसाच्या कानात वाचला जाईल. नव्या फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ते दिसतं. शंका असेल तर ग्राहक सेवेला सगळी फॉरवर्डिंग काढायला सांगायची.

हे झालं दुपारचं. खरं काम सकाळपासून सुरू होतं, आणि त्यात क्रमाला फार महत्त्व आहे.

पहिलं काम म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून मोबाईल कंपनीला फोन लावून सिम बंद करणं. फोनला लॉक असला तरी सिम खोबणीतून काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. आपल्याकडे सिमला पिन लावायची सवय कुणाला नाही, म्हणजे तो क्रमांक, त्यावरचे ओटीपी आणि त्याबरोबर व्हॉट्सॲपही त्या माणसाचं. मात्र सिम बंद केलं म्हणजे हरवलेल्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद झालं, हा गैरसमज आहे. क्रमांकाची पडताळणी नोंदणीच्या वेळी होते. नंतर ॲप कुठल्याही वायफायवर चालतं, सिम असो वा नसो. जुन्या फोनवरून ते खऱ्या अर्थाने कधी उतरतं, तर तुम्ही दुसऱ्या फोनवर कोड टाकता तेव्हा.

सिम मिळायला दोन-चार दिवस लागणार असतील (तुम्ही परगावी आहात, किंवा सिम दुसऱ्याच्या नावावर आहे), तर व्हॉट्सॲपच्या सपोर्टला ईमेल करून खातं तात्पुरतं निष्क्रिय करून घेता येतं. ईमेलमध्ये फोन हरवल्याचं किंवा चोरीला गेल्याचं लिहायचं आणि क्रमांक अधिक ९१ लावून, पुढचं शून्य न लावता द्यायचा. निष्क्रिय खातं ३० दिवस राहतं. तेवढ्यात परत नोंदणी केली तर ग्रुपमधली जागा कायम असते आणि अडकलेले मेसेजही येतात. ३० दिवस उलटले की खातं कायमचं पुसलं जातं.

हरवलेला फोन शोधायच्या गूगलच्या सुविधेत लॅपटॉपवरून लॉगिन करून फोन लॉक करणं किंवा पुसणं हेही याच तासात करावं. पुसण्याआधी तिथे दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या, कारण तो पुढे दोनदा लागतो. पुसण्याची आज्ञा फोन इंटरनेटला जोडला गेल्यावरच लागू होते, आणि एकदा पुसला की नकाशावर तो दिसायचा बंद होतो. इथे गूगलनेच माझी अडवणूक केली. लॉगिनची खातरजमा करायला ते हरवलेल्या फोनवरच सूचना पाठवतं, किंवा बंद सिमवर एसएमएस. गूगल खात्याचे बॅकअप कोड आधी छापून ठेवले असतील तर हा पेच सुटतो. आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. माझ्या फायलीत ते होते म्हणून निभावलं. नसतील तर निदान लॅपटॉपवर आधीपासून लॉगिन असलेलं खातं कुठल्याही परिस्थितीत लॉगआउट करू नका.

लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडं असेल तर नव्या फोनवर नोंदणी करण्याची घाई करू नका, आधी दहा मिनिटं त्याच्यासमोर बसा. जोडलेली उपकरणं मुख्य फोनशिवाय १४ दिवस चालतात. घरच्या ग्रुपवर 'फोन हरवला आहे, माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका' हे तिथूनच कळवता येतं. दुसरी गोष्ट मोलाची आहे. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप साधारणपणे रात्री दोन वाजता होतो. रात्री दोननंतर फोन हरवेपर्यंत आलेले-गेलेले मेसेज त्या बॅकअपमध्ये नसतात, ते फक्त हरवलेल्या फोनवर आणि या लॅपटॉपवर असतात. नव्या फोनवर कोड टाकला की सगळी जोडलेली उपकरणं लॉगआउट होतात आणि हा मधला भाग जातो. त्या दिवशीचे पत्ते, बिलं, खाते क्रमांक, कुणी पाठवलेली पीडीएफ, हे सगळं आधी उतरवून किंवा डाउनलोड करून घ्या.

पोलिसांकडची नोंद त्यानंतर. फोन गहाळ झाला असेल तर मुंबई आणि पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद घरबसल्या करता येते. चोरी किंवा हिसकावणी असेल तर ठाण्यात जाऊन रीतसर एफआयआरच द्यावा. १ जुलै २०२४ पासून चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३ आणि हिसकावणीचं ३०४ आहे. आयएमईआय पंधरा आकडी असतो, फोनच्या खोक्यावर आणि बहुधा बिलावर छापलेला. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहून द्या.

मोबाईल कंपनीच्या गॅलरीत डुप्लिकेट सिमसाठी मूळ ओळखपत्र लागतं, बहुतेक वेळा आधार आणि अंगठ्याचा ठसा. घोडं पेंड खातं ते नावावर. कित्येक घरांत आईचं सिम मुलाच्या नावावर, नवऱ्याचं कंपनीच्या नावावर, आणि कुणाचं तरी दहा वर्षांपूर्वी ज्या मित्राने घेऊन दिलं त्याच्या नावावर असतं. सिम ज्याच्या नावावर त्याने जातीने यायचं, नाहीतर परत फिरायचं. आणखी एक: सिम बदलल्यापासून सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. हाही १ जुलै २०२४ पासूनचा नियम. रागाच्या भरात कंपनी बदलायची असेल तर आठवडाभर कळ काढावी.

कोड टाकला की काही जणांना पुढे आणखी सहा आकडे विचारले जातात. हा टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन, तुम्हीच कधीतरी ठरवलेला. या दोन कोडांची गल्लत सर्रास होते. पहिला कोड दरवेळी नवा येतो, पिन कायमचा असतो आणि कुणी पाठवत नाही. आठवत नसेल तर 'पिन विसरलात' दाबा. आधी ईमेल जोडला असेल तर त्यावर दुवा येतो आणि काम होतं. ईमेल जोडलाच नसेल तर सात दिवस थांबण्यावाचून इलाज नाही, आणि अंदाजाने आकडे मारत बसलात तर आणखी अडकाल. एक दिलासा असतो. पहिला सहा आकडी कोड बरोबर टाकला त्या क्षणी जुन्या फोनवरचा माणूस बाहेर फेकला गेलेला असतो, पिन तुम्हाला ठाऊक असो वा नसो. चोराने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तरी सात दिवसांनी पिनशिवाय आत जाता येतं.

आता बॅकअप. नव्या फोनवर तेच गूगल खातं आणि तोच क्रमांक हवा, दोन्हीपैकी एक जरी वेगळं असलं तरी बॅकअप सापडत नाही. म्हणून व्हॉट्सॲप टाकण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये योग्य जीमेल जोडलंय ना ते बघा. 'रिस्टोअर' नोंदणीच्या वेळी एकदाच विचारलं जातं. मी घाईत 'वगळा' दाबणारच होतो. चुकून दाबलंच तर फोन तसाच रात्रभर ठेवू नका. रात्री दोनला नवा, जवळजवळ रिकामा बॅकअप जुन्याच्या जागी जाऊन बसतो आणि मग जुन्याला मुकावं लागतं. ताबडतोब ॲप काढा, पुन्हा टाका, पुन्हा नोंदणी करा. त्यासाठी पुन्हा कोड लागतो, म्हणजे पुन्हा कॉलची वाट.

रिस्टोअर वायफायवर आणि फोन चार्जिंगला लावूनच करावं. आधी मजकूर येतो, मग ॲप वापरता येतं, आणि फोटो-व्हिडिओ मागून उतरत राहतात. कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) बॅकअप चालू केला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ आकडी-अक्षरी किल्ली लागते. ती हरवली तर व्हॉट्सॲपकडेही नसते, गूगलकडेही नसते, तो विषय तिथेच संपला. हरवलेला फोन अँड्रॉइड होता आणि नवा आयफोन घेतलात तर ड्राइव्हवरचा बॅकअप त्यात उतरत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर न्यायला जुना फोन हातात लागतो, आणि तोच तर गेलेला आहे. जुन्या गप्पा हव्याच असतील तर तात्पुरता का होईना, एक अँड्रॉइड हाताशी ठेवा. ड्राइव्हची १५ जीबी भरलेली असेल तर बॅकअप कित्येक महिन्यांपूर्वीच थांबलेला असू शकतो, कारण अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता त्या जागेत मोजला जातो.

मधल्या काळातले मेसेज कुठे गेले, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. हरवलेला फोन इंटरनेटवर असताना जे त्यावर पोचले, पाठवणाऱ्याला दोन टिक दिसल्या, ते तुमच्याकडे परत येणार नाहीत. फोन बंद झाल्यावर जे एका टिकवर अडकले ते सर्व्हरवर ३० दिवस राहतात. नोंदणी केल्यावर त्यातल्या काहींच्या जागी 'या मेसेजची वाट पाहत आहे' अशा अर्थाची ओळ दिसते. घाबरायचं कारण नाही. नव्या फोनबरोबर तुमची कूटकिल्ली, म्हणजे मेसेज कुलूपबंद करणारी किल्ली, बदलली, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या फोनला तो मेसेज नव्या किल्लीने पुन्हा बांधून पाठवावा लागतो. त्याचा फोन ऑनलाइन आला की मेसेज उलगडतो. समोरच्यालाही तुमचा सुरक्षा कोड बदलल्याची सूचना दिसू शकते. माझ्या दोन मित्रांनी हा हॅकर तर नाही ना म्हणून फोन करून खात्री केली. बरोबर केलं.

टेलिग्रामची गोष्ट उलटी आहे. कोड एसएमएसने येण्याऐवजी आधी तुमच्या दुसऱ्या चालू उपकरणावर, म्हणजे लॅपटॉपवरच्या टेलिग्राममध्ये येतो. त्यामुळे तिथे २४ तासांची अडचण जाणवतही नाही. हरवलेल्या फोनचं सत्र मात्र तुम्हाला स्वतः 'उपकरणं' मधून बंद करावं लागतं. नव्याने केलेल्या लॉगिनवरून पहिले २४ तास ते करता येत नाही, म्हणून जुन्या लॅपटॉपवरूनच ते काढून टाका.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसएमएस सुरू झाले. त्यानंतर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय बंद करायचा अर्ज भरला. पोर्टल स्वतःच सांगतं की आधी डुप्लिकेट सिम घ्या, कारण अर्ज ओटीपीवर पुढे सरकतो. पोलीस तक्रारीची प्रत, तक्रार क्रमांक, हरवल्याची जागा आणि तारीख, ओळखपत्र, फोनचं बिल, एवढं स्कॅन करून तयार ठेवा. अर्ज झाला की विनंती क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, फोन सापडला तर बंदी उठवायला तोच लागतो. बंदी साधारण २४ तासांत लागू होते. तिने मोबाईल नेटवर्क बंद होतं, वायफाय नाही, म्हणून फोन पुसायची आज्ञा आधीच दिलेली असणं महत्त्वाचं.

यूपीआयही याच वेळी. त्याची नोंदणी तुमच्या सिमवरून जाणाऱ्या एसएमएसवर चालते, त्यामुळे पहिल्या दिवशी कितीही धडपड केली तरी ती होत नाही. खिशात एक दिवसापुरते रोख पैसे ठेवा. रात्री झोपण्याआधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन पिनला ईमेल जोडला, लॅपटॉप पुन्हा लिंक केला, आणि सकाळी बॅकअपची तारीख बघितली. २ वाजून काही मिनिटं, आजचीच होती.