गेम पास पॅनलची रेखाप्रत: लाल थर पूर्ण, पांढरा बाकी

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात, ड्रेकन्सबर्ग डोंगरांच्या कामबर्ग भागात गेम पास शैलाश्रय आहे. त्याच्या खडकावर सान लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळच्या शिकारी-संग्राहकांनी काढलेली चित्रं आहेत. तिथल्या मुख्य पॅनलची (चित्रांच्या मुख्य गटाची) फोटोवरून रेखाप्रत चालू आहे, एकेका रंगाचा वेगळा थर करून. लाल थर आता रेखून झाला. काळा अर्ध्यावर आहे. पांढरा मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण सगळ्यात जास्त फसवतो तोच.

आधी चित्र नीट पाहा. एलँड हरीण मरायला टेकलंय: डोकं खाली गेलेलं, मागचे पाय एकमेकांत अडकलेले, अंगावरचे केस ताठ. त्याची शेपटी धरलेल्या माणसाचेही पाय तसेच अडकलेले, आणि पावलांच्या जागी खूर. विषारी बाण लागलेला एलँड असाच लटपटतो. नाचताना भान हरपलेल्या वैद्यालाही सान लोक ‘मेला’ असंच म्हणतात. शैलचित्रांचे अभ्यासक डेव्हिड लुईस-विल्यम्स यांनी या साम्यावरूनच पॅनलचा अर्थ लावला. म्हणजे सारा अर्थ खुरात, पायाच्या अढीत, उभ्या केसात आहे, आणि फोटोवर प्रक्रिया करताना पहिला मार बसतो तो याच बारकाव्यांना.

फोटो रॉ फाइलमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) हवेत: आयएसओ १००, ट्रायपॉड, सावलीतला एकसारखा उजेड, फ्लॅश बंद. चौकटीत मोजमाप आणि रंग जुळवायला १० सेंमीची रंगपट्टी हवी. ती चित्राच्या बाजूला, त्याच पातळीत धरायची, खडकाला टेकवायची नाही. मूळ आकाराला ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) हवे असतील तर ही पट्टी फोटोत सुमारे ११८० पिक्सेल लांब भरली पाहिजे. त्याहून कमी भरली तर केसांच्या रेषा एकमेकींत मिसळतात. जेपीजी टाळा, रंग ताणले की कॉम्प्रेशनचे चौकोन वर येतात आणि ते रंगाच्या कडेसारखे दिसतात.

पुढचं काम डीस्ट्रेचमध्ये. फिके रंग ताणून उठवणारं, इमेजजे या प्रतिमा-विश्लेषणाच्या प्रोग्रॅमवर चालणारं हे जॉन हारमन यांचं प्लगइन. त्यातल्या रंग उठवायच्या पर्यायांपैकी लालसाठी एलआरई, मग पडताळणीला वायआरई. स्केल (रंग किती ताणायचे तो आकडा) १५ वर ठेवून सुरुवात करायची आणि दाणे दिसू लागले की १० पर्यंत खाली यायचं. काळ्यासाठी वायबीके. प्लगइन रंगांचं गणित निवडलेल्या भागावरून करतं, म्हणून रंगपट्टी, गवत, आभाळ निवडीबाहेर ठेवायचं. ते आत राहिलं तर सगळा ताण त्यांच्यावर खर्च होतो आणि फिकट गेरू तसाच दबलेला राहतो. एलआरईमध्ये वालुकाश्मातले लोहाचे डागही लालभडक उठतात. म्हणून नियम असा: सुधारित फोटोत दिसलेली प्रत्येक रेषा मूळ फोटोत २०० टक्के मोठी करून पाहायची. तिथे पुसटशीही सापडली नाही तर ती तुटक रेषेने, वेगळ्या ‘संशयित’ थरात.

थर असे: लाल, पांढरा, काळा, भेगा, पापुद्रा निघालेली जागा. शेवटचे दोन आधी रेखा. अर्धवट तुटलेला पाय आणि मुळातच तसा काढलेला पाय यातला फरक त्याशिवाय कळत नाही.

आता पांढरा. ड्रेकन्सबर्गच्या चित्रांत हा रंग सगळ्यात आधी झडतो. एलँडचं डोकं, मान, पाय बहुधा पांढऱ्यात असल्यामुळे कित्येक ठिकाणी नुसतं लाल धड उरलंय. त्यात खडकातून झिरपलेले क्षार फोटोत रंगासारखेच दिसतात. क्षार भेगेच्या कडेने किंवा उतारावरून ओघळतात, भेग ओलांडताना त्यांचा पोत बदलतो. रंगाचा फटकारा भेगेची पर्वा न करता सरळ पुढे जातो. तरी खात्री नसेल तर जागा रिकामी सोडा. दुसऱ्या एलँडचं डोकं बघून इथलं डोकं पुरं करणं ही बनावट ठरते.

हेच खुरांना आणि प्राण्याच्या डोक्याच्या माणसांना लागू. १८७३ मध्ये आजच्या लेसोथोतल्या मालोटी डोंगरात क्विंग या सान वाटाड्याने जोसेफ ऑर्पेन या ब्रिटिश अधिकाऱ्याला अशा आकृतींबद्दल सांगितलं होतं की ही माणसं मेलेली आहेत आणि आता नद्यांत राहतात. विचित्र वाटणारा खूर ‘दुरुस्त’ करून पाऊल काढलं की हा सगळा धागा तुटतो.

ज्यांना तिथे जाऊन फोटो घ्यायचे आहेत त्यांनी वाटाड्या घ्यावा. रंग उठावा म्हणून चित्रावर पाणी मारायची जुनी खोड होती. तिने क्षार वर येतात आणि रंग सुटतो. दक्षिण आफ्रिकेच्या १९९९ च्या वारसा कायद्यात चित्राभोवतीचा १० मीटरचा परिसरही संरक्षित आहे, तेव्हा खाली पडलेला पापुद्रासुद्धा उचलायचा नाही.

पुढच्या नोंदीत काळा थर पूर्ण करून लाल-काळ्याच्या छेदांवर कुठला रंग वर आहे ते पाहू.