तुम्ही विचारलेत म्हणून : देणगीचे आवाहनपत्र कसे लिहावे?

बडोद्यातील मराठी संस्थांचे कार्यवाह मला बरेचदा विचारतात की, वाचून लोक खरोखर देणगी देतील असे आवाहनपत्र कसे लिहावे. मी त्यांना आधी गेल्या वर्षीच्या देणगीदारांना पैसे मिळाल्यावर काय पाठवले, हे विचारते. ज्याला पावतीखेरीज काहीच मिळाले नाही आणि वर्षभराने थेट नवे आवाहन आले, त्याला ते कितीही ओघवते असले तरी वसुलीचे पत्र वाटते.

सयाजी रुग्णालयातील बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना डबे पुरवणारी एखादी संस्था घ्या. 'आपल्या उदार सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत' हे वाक्य कोणत्याही संस्थेला चालेल, म्हणूनच ते कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याऐवजी, छोटा उदेपूरहून सुनेच्या बाळंतपणासाठी आलेल्या आजींना पोळी चावत नव्हती, तेव्हापासून वृद्धांसाठी रात्री मऊ खिचडी ठेवतो आणि आपली देणगी त्या खर्चात गेली, असे आठवड्याभरात कळवले, तर देणाऱ्याला आपला पैसा कुठे पोहोचला ते दिसते. आजींचे नाव आणि छायाचित्र मात्र त्यांच्या संमतीशिवाय छापू नये. केविलवाणे चेहरे दाखवून मिळवलेली देणगी मला मुळीच पटत नाही.

एवढी तयारी असली की आवाहन सोपे होते. 'फूल ना फुलाची पाकळी' म्हणून थांबू नये. एका डब्याचा खरा खर्च हिशेबातून काढून महिनाभराच्या डब्यांसाठी किती रक्कम हवी, ते स्पष्ट मागावे. पत्र एका माणसाला, त्याच्या नावाने लिहावे आणि त्यात मागणी एकच असावी.

व्यवहाराची माहितीही नेमकी हवी. देणगीदाराला आयकरात मिळणारी जी सूट आपण ८० जीची सवलत म्हणून ओळखतो, ती २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यालाही मिळत नाही. तेव्हा 'करसवलत उपलब्ध' एवढेच छापणे अपुरे आहे. बडोद्यात तर घरोघरी कोणीतरी परदेशात असल्याने आणखी एक खुलासा आवश्यक ठरतो. भारतीय नागरिकाने परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे नेहमीच्या बँकमार्गाने पाठवले, तर ती विदेशी देणगी मानली जात नाही. परंतु त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असूनही ती विदेशी देणगीच ठरते, आणि एफसीआरए म्हणजे विदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती स्वीकारता येत नाही. म्हणून परदेशातील आप्तांना पाठवायच्या पत्रात, पैसे पाठवण्यापूर्वी आपले नागरिकत्व आम्हाला कळवावे, ही विनंती बँक खात्याच्या तपशिलाच्या वरच, ठळक अक्षरांत छापावी.