भुंग्यापायी बोललेला नवस

बोगेनबेर्ग टेकडीवर येशूच्या आईच्या, मारियेच्या देवळाला जाणाऱ्या या वारीचं मूळ एका भुंग्यात आहे. पंधराव्या शतकात जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात पासाऊजवळच्या होल्त्सकिर्खेन गावाचं जंगल साल पोखरणाऱ्या भुंग्यानं वाळायला लागलं. गावानं मारियामातेला साकडं घातलं: जंगल वाचव, दरवर्षी मेणबत्ती घेऊन चालत येऊ. जंगल वाचलं. त्याला पाचशेहून जास्त वर्षं झाली, तरी ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या फिंग्स्टनच्या सणाला ती माणसं दोन दिवसांत 75 किलोमीटर चालतात. मेणबत्ती म्हणजे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा 13 मीटरचा वासा, त्याला लाल मेणाची दोरी गुंडाळलेली. वजन सुमारे 50 किलो.

मी सामील झालो ते रविवारी, शेवटच्या टप्प्याला. डावीकडे डॅन्यूब नदी, उजवीकडे बव्हेरियन जंगलाच्या टेकड्या. पुढचे लोक प्रार्थनेची अर्धी ओळ म्हणत, मागचे उरलेली पुरी करत. टाळ नाही, मृदंग नाही, पण तासाभरात पाय त्या लयीत पडायला लागले. शब्द मात्र शेवटपर्यंत मला नीट आले नाहीत. कुणी विचारलंही नाही.

बोगेनबेर्ग म्हणजे नदीकाठच्या बोगेन शहराच्या डोक्यावरची टेकडी आणि तिच्यावरचं चिमुकलं गाव. नदीपासून शंभरेक मीटरच उंच, पण सपाट मैदानात लांबूनच दिसतं. आख्यायिका अशी की 1104 साली मारियेची दगडी मूर्ती डॅन्यूबमधून प्रवाहाच्या उलट तरंगत आली आणि टेकडीखालच्या खडकाला लागली. सरदार आस्विननं ती आपल्या गढीतल्या देवळात नेली. इंद्रायणीत गाथा तरल्याचं ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आज पुजली जाते ती गर्भवती मारिया जाणकारांच्या मते 1400 च्या आसपासची, म्हणजे आख्यायिकेपेक्षा तीनशे वर्षांनी लहान. तिच्या पोटावर कोनाडा कोरलाय आणि त्यात इवलंसं बाळ उभं आहे. मुलासाठी नवस बोलणाऱ्या बायका इथे का येतात ते विचारावं लागत नाही.

या गढीचे सरदार म्हणजे बोगेनचे काउंट. त्यांच्या घराण्यातल्या आल्बर्ट तिसऱ्याची विधवा लुडमिला हिनं 1204 मध्ये बव्हेरियाचा ड्यूक लुडविग याच्याशी लग्न केलं. 1242 मध्ये बोगेन घराण्याचा वंश खुंटला आणि जहागिरीबरोबर त्यांचं चिन्हही लुडविगच्या विटल्सबाख घराण्याकडे गेलं. ते चिन्ह म्हणजे निळ्या-पांढऱ्या शंकरपाळ्या. आज बव्हेरियाच्या झेंड्यावर, बिअरच्या तंबूंवर जिकडे तिकडे दिसतात त्याच. म्युनिकमध्ये इतकी वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं, आणि ऑफिसातल्या म्युनिककरांनाही नव्हतं!

चढाला वाट अरुंद झाली आणि मेणबत्ती उभी केली. आता एका वेळी एकच माणूस तिला धरतो, बाकीचे भोवती हात पुढे करून तयार. मी अगदी जवळ होतो. तो पायाखाली बघतच नव्हता, नजर टोकावर. वाऱ्यानं टोक झुकलं की पुढच्या पावलानं तो त्या बाजूला सरकायचा. मानेच्या शिरा तटतटलेल्या, तोंडानं प्रार्थना बंद. दमला की दुसरा पुढे व्हायचा, आणि त्या अदलाबदलीत सगळ्यांचा श्वास अडकायचा. मेणबत्ती पडली तर अरिष्ट येतं असा समज आहे. ढोल-ताशा असता तर बरं, असं मला फार वाटलं.

देवळात तिला आधीच्या मेणबत्तीसोबत उभं करतात. बाहेर आलो तर खाली डॅन्यूबचं वळण आणि पलीकडे गॉयबोडेनचं सुपीक मैदान, गहू आणि शुगरबीटची शेतं. या पट्ट्यात नदीवर बंधारे घालायचे की नाही यावर कित्येक वर्षं भांडण चाललं. 2013 मध्ये बव्हेरियन सरकारनं बंधाऱ्याचा नाद सोडला, म्हणून ती इथे अजून मोकळी वाहते.

जेवायला एका लांब बाकावर मेणबत्ती उचलणाऱ्यांपैकी एक आजोबा शेजारी आले. मी आमच्या वारीचं सांगितलं: आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर, लाखो माणसं. ते मान डोलावत होते. मग म्हणाले, "तुम्ही काय उचलता?"

"पालखी. पण ती रथात असते, बैल ओढतात."

"बैल?" आजोबांनी सॉसेजचा तुकडा मोहरीत बुडवला. "मग तुमचं सोपं आहे."