उंडी: कवचाचा तिढा सुटला, आता थंडीची पाळी

उंडी रुजली. उंडी म्हणजे समुद्रकाठी वाढणारं झाड. ‘नाशकात उंडी? समुद्र कुठून आणणार?’ असं विचारणाऱ्यांसाठी आधी ही बातमी, बाकीचं रडगाणं पुढे.

रुजली ती फक्त पूर्ण सोललेली बी. नुसत्या टिचवलेल्यांपैकी काहींनी आत्ता कुठे तोंड उघडलंय आणि अख्ख्या कवचासकट पेरलेल्या ढिम्म आहेत. याचं आश्चर्य नाही. जुन्या प्रयोगांच्या नोंदींत सोललेल्या बीला सरासरी २२ दिवस, टिचवलेलीला ३८ आणि अख्खीला ५७ दिवस लागल्याचं दिलंय. प्रश्न एवढाच, की सोलायची कशी?

ज्यांनी हे फळ हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी: गोटीपेक्षा मोठं, गुळगुळीत आणि गोल. वरची पातळ साल सुकली की आत हाडासारखं कवच, त्याच्या आत बुचासारखा थर आणि मग गर. हा बुचाचा थर आणि कवच मिळून फळाला समुद्रावर तरंगत ठेवतात. म्हणून आपली नेहमीची ‘तरंगेल ती बी फेका’ परीक्षा इथे लावू नका, सगळीच्या सगळी फेकून द्याल.

हातोडीनं कवच फुटतं, पण गरही चेचतो. तेलकट गर एकदा चेचला की बुरशी हमखास. (याच गराचं तेल कोकणात दिव्याला वापरायचे.) आजीचा अडकित्ता काढला, तर गोल फळ त्यातून सटकून थेट शेजारच्या गच्चीवर. ऑनलाइन मागवलेला अक्रोडफोड्या म्हणजे शुद्ध फसवणूक, अक्रोडापुढेही तो वाकेल. शेवटी कामाला आला बाकावरचा व्हाईस, म्हणजे दांडा फिरवून वस्तू दोन जबड्यांत आवळायचा शिकंजा, सातपूरच्या एका वर्कशॉपमधला. जबड्यांना जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे लावायचे, दांडा अगदी हळू फिरवायचा आणि ‘टच्’ झालं की तिथेच थांबायचं. मग फळ पाव फेरी वळवून पुन्हा. दुसऱ्या ‘टच्’नंतर कवचाच्या पाकळ्या नखानं निघतात. बुचाचा थर मात्र ओढून काढू नका. रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी आपोआप सुटतो. पहिला गर अख्खा, पिवळसर, ओरखडाही नसलेला हातात आला तेव्हा घरातल्या प्रत्येकाला तो बघावा लागला.

बियांबद्दल एक. मालवणहून मामीनं झाडाखालच्या ताज्या पाठवल्या होत्या, त्याच रुजल्या. एका विक्रेत्याकडून घेतलेल्या हलवल्या की खुळखुळतात, म्हणजे आत गर आक्रसलेला. ही बी वाळवून महिनोन्महिने बरणीत ठेवण्यातली नाही. ताजी मिळत नसेल तर पैसे घालवू नका.

पेरणी धुतलेल्या वाळूत, बी आडवी आणि अर्धी उघडी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मी आता या कामातून बाद केलंय. गराभोवती ओल धरून बसतं. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, वाळूत मिसळला, द्राक्षवाल्यांच्या कृपेनं तो इथे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो. मीठ घालायचं का, असं बरेच जण विचारतात. नको. हे झाड खारं वारं सोसतं, त्याला मीठ लागतं असं नाही.

कोंब सरळ वर येतो, बीजदलं खाली बीतच राहतात. त्यामुळे देठाला चिकटलेली बी तोडू नका, रोप बराच काळ तिच्यावर जगतं. पहिल्या पानांवर मधल्या शिरेपासून निघालेल्या बारीक समांतर रेघा आत्ताच दिसतायत. अगदी मोठ्या उंडीसारख्या!

पुढे रूट ट्रेनरमध्ये (रोपांच्या छोट्या खाचदार कप्प्यांत) हलवणार होतो. पण एक रोप उकरून पाहिलं तर सोटमूळ कोंबापेक्षा लांब. म्हणजे थेट उंच पिशव्याच. वाळू, पोयटा आणि शेणखत, काळी माती अजिबात नाही.

खरी धास्ती डिसेंबर-जानेवारीची. निफाडचा पारा कधी कधी ५ अंशांखाली उतरतो आणि उंडीला असली थंडी माहीतच नाही. सगळी रोपं गच्चीवर शेडनेटखाली ठेवायचा विचार होता, पण शेडनेट थंडी थोडीच अडवतं? हे लिहिताना सुचलं: पाण्याच्या टाकीच्या दक्षिणेला, भिंतीला टेकून प्लॅस्टिकचा पिंजरा. दिवसभर तापलेली भिंत आणि टाकी रात्री थोडी ऊब देतील. निम्मी रोपं तिथे, निम्मी घरात खिडकीशी. आणि त्या ढिम्म बियांची वाट बघत बसण्यापेक्षा उद्याच निम्म्या उकरून व्हाईसमध्ये धरतो. जमलं तर पुढची बी सुरंगीची, मामीला सांगून ठेवलंय.