काचेचे कपाट आणि चहाचा संच : कामाचा दुसरा टप्पा

घरातील काचेच्या कपाटाचे आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे काम आता दुसऱ्या टप्प्यात आले आहे. प्रत्येक वस्तूची छायाचित्रे, मापे आणि जुन्या दुरुस्त्यांच्या खुणा आधीच वहीत नोंदवल्या होत्या. या खेपेस तळावरील शिक्के वाचणे, कपाटाचा एक खण पुन्हा जोडणे आणि साखरदाणीच्या झाकणाचा सांधा नव्याने बसवणे अशी कामे झाली. त्यांत एक नियम कसोशीने पाळला : आपण घातलेला प्रत्येक जोड पुढे कोणालाही, मूळ वस्तूला इजा न होता, सोडवता आला पाहिजे.

शिक्क्यांमध्ये अपेक्षेपेक्षा अधिक वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. चहाच्या बशांवर कारखान्याच्या चिन्हाखाली ‘इंग्लंड’ एवढाच शब्द आहे. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव असणे १८९१ पासून बंधनकारक झाले, त्यामुळे असा शब्द असलेली बशी बहुधा त्यानंतरची असते. ‘मेड इन इंग्लंड’ हे पूर्ण शब्द साधारणतः विसाव्या शतकातील मानले जातात. संचाबाहेरच्या एका मोठ्या थाळीवर मात्र ब्रिटिश नक्षी-नोंदणीचे (नक्षीची सरकारदरबारी नोंद झाल्याचे), टोकावर उभ्या चौकोनाचे चिन्ह सापडले. हे चिन्ह १८४२ ते १८८३ या काळात वापरले जात होते आणि त्यातील वर्षाचे अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात, तर १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात असे. आपल्या थाळीवर ते उजवीकडे आहे, म्हणजे नोंदणी १८६८ ते १८८३ मधली. येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते : ही तारीख नक्षीच्या नोंदणीची असते, त्या विशिष्ट थाळीच्या निर्मितीची नव्हे, आणि लोकप्रिय नक्षी नोंदणीनंतर कित्येक वर्षे छापली जात असे.

कप प्रकाशासमोर धरल्यावर मागच्या बोटांची सावली स्पष्ट दिसते आणि मातीचा रंग दुधाळ आहे, म्हणून ते बोन चायना असल्याचे मी नोंदवले आहे. या मातीत जवळजवळ निम्मा भाग हाडांच्या राखेचा असतो. थाळी अपारदर्शक असून तिच्या झिलईत बारीक तड्यांचे जाळे आहे. अशी वस्तू पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण तड्यांतून पाणी आतल्या सच्छिद्र मातीत शिरते आणि डाग पसरतात. मी ती फक्त ओलसर मऊ कापडाने पुसली. सोनेरी कड असलेले कप कोमट पाण्यात एकेक करून धुतले. सोन्याची कड झिलईवर, तुलनेने कमी तापमानाला भाजलेली असते. घासणीने ती कायमची जाते.

साखरदाणीच्या झाकणावरचा जुना डिंकासारखा थर पिवळा पडला होता. अ‍ॅसिटोनने तो सुटला, कडा स्वच्छ झाल्या आणि मग पॅरालॉइड बी-७२ हा अ‍ॅक्रिलिक राळेचा चिकट पदार्थ वापरून तुकडे जुळवले. हा पदार्थ अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळतो, हे त्याचे मोठे बळ. मात्र सुमारे ४० अंश सेल्सिअसला तो मऊ होऊ लागतो, त्यामुळे हे झाकण यापुढे केवळ पाहण्यासाठी आहे. जुन्या झिलईवरील रंगांत शिसे असू शकते, हेही लक्षात घेऊन संचाचा वापर खाण्यापिण्यासाठी न करण्याचे ठरवले.

कपाटाचे पॉलिश लाखेचे आहे की नंतरचे, हे पाहण्यासाठी मागच्या, न दिसणाऱ्या कडेवर स्पिरिटचा कापूस हलकेच टेकवला. पृष्ठभाग लगेच चिकट झाला, म्हणजे लाख. हे पॉलिश खरवडून नवे चकचकीत देण्याचा सल्ला वारंवार मिळतो, पण मला तो मान्य नाही. काळाने आलेली ती खोल छटा एकदा गेली की परत आणता येत नाही. वरच्या फळीवरील पांढुरकी वर्तुळे पॉलिशमध्ये अडकलेल्या ओलाव्याची आहेत आणि त्यांवर पुढे काम करता येईल. काळे डाग लाकडापर्यंत पोहोचले असल्याने ते तसेच ठेवणार आहे.

खणाचे कोपऱ्यातील सांधे हाताने कापलेले आहेत. त्यांची दातेरी जुळणी एकसारखी नाही, आणि तेच मला त्यांचे सौंदर्य वाटते. सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद) उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ होतो, म्हणून सुटलेला सांधा कोमट पाण्याने साफ करून पुन्हा सरसानेच चिकटवला. तळाची फळी पूर्वी कोणीतरी चारही बाजूंनी खिळवली होती. लाकूड रेषांना आडवे फुगते आणि आकसते. त्याला सरकायला जागा न उरल्यामुळे ती मधोमध चिरली. खिळे काढून फळी पुन्हा मोकळी बसवली आहे. यानंतर काचेच्या दाराच्या बिजागऱ्या आणि थाळीसाठी लाकडी आधार ही कामे घेईन, कारण थाळी टांगण्याची स्प्रिंगची तारेची अडकवणी कडेवर सतत ताण देते आणि तड्यांचे जाळे असलेल्या थाळीला ती लावणे मला योग्य वाटत नाही.